गुळवणीला चाशनी म्हणू नका

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात काय होते, ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. गोटमारीची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येतात, जखमींचे आकडे येतात, बंदोबस्ताचे वर्णन येते. पण त्याच्या आदल्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरच्या घरांत काय शिजते, याची बातमी कोणी देत नाही. आदल्या दिवशी दोन्ही काठांवर पुरण शिजते. मराठी पंचांगात ती श्रावण अमावस्या, हिंदी पंचांगात तीच भाद्रपद अमावस्या. महिन्याचे नाव वेगळे, पण चंद्र तोच आणि पोळीही तीच. प्रस्तुत लेख त्या आदल्या दिवसाच्या ताटाविषयी आहे. खरे तर ताटातल्या एका वाटीविषयी आहे.

त्या वाटीत गुळवणी असते. गूळ, पाणी, चिमूटभर मीठ, सुंठ, वेलदोडा आणि किंचित दाटपणा यावा म्हणून तांदळाचे जरासे पीठ. आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून म्हाताऱ्या बायका त्याला 'गुयवणी' म्हणतात. पुरणपोळी कुस्करून तीवर ते ओतावे, शेवयांवर घालावे, धिरड्याबरोबर घ्यावे, काहीच नसेल तर शिळी पोळी त्यात बुडवून खावी. दुधाचा त्यात थेंबही नाही. अलीकडे मात्र आमच्या भागातल्या मराठी घरांत या पदार्थाचे दोन प्रकारे हाल झाले आहेत. पुष्कळ घरांत त्याची जागा बासुंदीने, रबडीने नाहीतर डब्यातल्या पुडीच्या कस्टर्डने घेतली. आणि ज्या थोड्या घरांत तो उरला, तिथे त्याचे नाव 'चाशनी' झाले. या दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत, आणि का नाहीत ते मी येथे स्पष्ट सांगणार आहे.

'हेडमास्तरांना आता शिकवायचे विषय संपले वाटते, म्हणून ते स्वयंपाकघरात शिरले,' असे काही वाचक म्हणतील. म्हणोत बापडे. तीस वर्षे मी मुलांना भाषा शिकवतो आहे आणि माझा अनुभव असा की, घरातून शब्द हद्दपार होतो तो सर्वांत आधी चुलीपासून. पुस्तकातले शब्द परीक्षेच्या भीतीने तरी टिकतात. 'उलथने', 'रवी', 'शिंकाळे', 'गुळवणी' यांना परीक्षेचा आधार नाही.

आधी नावाचे पाहू. 'गुळवणी' हा शब्द गूळ आणि पाणी या दोन शब्दांनी बनलेला आहे. 'चिंचवणी' म्हणजे चिंचेचे पाणी, तसे हे गुळाचे पाणी. शब्दाच्या शेपटीतच पाणी आहे. म्हणजे हा पदार्थ पातळ असतो, त्यात पाणी राखायचे असते, हे नावच सांगते. चाशनीचे अगदी उलट आहे. चाशनी म्हणजे आपला पाक. पाकात पाणी आटवायचे असते. एकतारी, दोनतारी, गोळीबंद अशा त्याच्या पायऱ्या आहेत. गुळवणीला तार यायला लागली की गुळवणी बिघडले असे समजावे. तेव्हा एकाला दुसऱ्याचे नाव दिले, तर कृतीच फिरते.

हे मी तर्काने सांगत नाही. आमच्या शाळेच्या आनंदमेळाव्यात नववीतल्या एका मुलीने पुरणपोळ्या आणल्या होत्या आणि सोबत एका डब्यात तपकिरी रंगाचा दगडासारखा गोळा होता. मी विचारले, "हे काय ग?" ती म्हणाली, "सर, चाशनी बनवली होती जी, पण जमून गेली." तिने कोणाला तरी फोनवर विचारले होते की गुळाची चाशनी कशी करतात, तिला उत्तर मिळाले, 'तार येईपर्यंत आटव.' तिने आटवले. मुलगी हुशार आणि मेहनती. उत्तर देणाऱ्यानेही चाशनीची कृती बरोबरच सांगितली. चुकीचे होते ते फक्त पदार्थाचे नाव. तिच्या घरात 'गुळवणी' हा शब्द जिवंत असता, तर त्यातले 'वणी' तिला थांबवायला पुरेसे होते.

नावाने काय होते, असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. २०१७ साली युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने निकाल दिला की सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून केलेल्या पेयाला बाजारात 'दूध' म्हणून विकता येणार नाही. नारळाच्या दुधासारखे जुने, रूढ अपवाद तेवढे राहिले. आपल्याकडेही २०२१ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा वनस्पतिजन्य पेयांना दुधाचे नाव लावून विकण्यास हरकत घेतली. मोठमोठ्या दुग्धव्यवसायांना आणि कारखानदारांना एका शब्दासाठी न्यायालयात भांडावेसे वाटते. आपण मात्र आपला शब्द भाजीवाल्याला सुटे पैसे द्यावेत तसा सहज देऊन टाकतो! गुळवणीने तर कधी स्वतःला दूध म्हणवून घेतले नाही. ते पाणी आहे आणि आपण पाणी आहोत हे ते नावातच कबूल करते. इतका प्रामाणिक पदार्थ दुसरा दाखवा.

आता दुधाकडे वळू. गुळवणीची हकालपट्टी ज्या कारणाने झाली ते कारण दूध हे आहे. म्हणजे दुधाची प्रतिष्ठा. 'आम्ही काय आता गुळाचं पाणी वाढावं पाहुण्यांना?' हा प्रश्न मी कितीतरी घरांत ऐकला आहे. त्यामागचा समज असा की, ज्याच्याकडे दूध नव्हते तो गुळवणी करी. आता दूध विकत मिळते, तेव्हा गुळवणीचे काम संपले. वरवर पाहता हे पटण्यासारखे आहे. पण आपल्या भागात दूध का नव्हते, हे एकदा विचारून पाहा.

वर्धा, नागपूर, छिंदवाडा, बालाघाट हा सारा टापू गौळाऊ जातीच्या गुरांचा. पांढरी, सडसडीत, चालायला चपळ. मराठ्यांच्या काळात सामानाची जलद वाहतूक करण्यासाठी ही जात जोपासली गेली, असे सांगतात. गौळाऊचा बैल गाडीला आणि नांगराला चांगला. गाय दुधाला बेताचीच. म्हणजे आपल्या पूर्वजांनी गाय पाळली ती मुख्यतः बैलासाठी. ज्या गोऱ्ह्याने पुढे बारा वर्षे शेत ओढायचे, त्याच्या तोंडचे दूध काढून रबडी आटवणे कोणत्याही शहाण्या कुणब्याला परवडणारे नव्हते. माझे मत असे की, बैलाच्या सणाला बिनदुधाचे कालवण असणे हा केवळ दारिद्र्याचा भाग नव्हता. त्यात शेतीचा हिशेब होता, आणि आईचे दूध वासराला राहू द्यावे ही समजही होती. ज्या दिवशी बैलाला पुरणपोळी भरवायची, त्या दिवशी त्याच्या लहानपणीचे दूध आपण ओरपले नव्हते, एवढे तरी आपले हात स्वच्छ होते.

पुढे काळ पालटला. १९७० साली दुग्धमहापूर योजना सुरू झाली आणि १९९८ पासून दुधाच्या उत्पादनात आपला देश जगात पहिला आहे. याचा मला अभिमान आहे. दुधाने कित्येक अल्पभूधारकांची घरे सावरली. मी दुधाच्या विरुद्ध नाही. सकाळचा चहा मी दुधाचाच घेतो. माझा विरोध आहे तो दुधाला प्रतिष्ठेचे माप बनवण्याला. ज्या वाटीत पांढरे दिसते ती श्रीमंताची आणि ज्या वाटीत तांबूस दिसते ती गरिबाची, हे कोणी ठरवले? दिवाळीच्या तोंडावर भेसळीचा मावा पकडल्याच्या बातम्या दरवर्षी आपण वाचतो, हळहळतो आणि संध्याकाळी तोच मावा आणायला रांगेत उभे राहतो. घरच्या गुळाच्या पाण्यात मात्र आपल्याला कमीपणा दिसतो.

येथे शरीराचाही प्रश्न आहे आणि तो मला शिक्षक म्हणून अधिक महत्त्वाचा वाटतो. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. तान्ह्या मुलात ते भरपूर असते. पण दूध सुटल्यावर पुष्कळ लोकांत ते कमी होत जाते. जगातल्या मोठ्या माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत असे होते. भारतातही असे लोक पुष्कळ आहेत. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथे जंतू तिला आंबवतात. मग पोट फुगते, कळ येते, जुलाब होतात. हा रोग नव्हे आणि नखराही नव्हे. त्यांतल्या अनेकांना दही-ताक सोसते, थोडे दूध सोसते. पण आटवलेल्या दुधाची वाटीभर बासुंदी सोसत नाही.

दुसरा प्रकार याहून गंभीर. काही मुलांना दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते. त्यांच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास अडतो. त्यांना थोडेसे दूधही घातक ठरू शकते. असे मूल सणाच्या पंगतीत बसले म्हणजे काय होते? 'एवढ्याने काही होत नाही, देवाचा प्रसाद आहे,' असे म्हणत कोणीतरी काकू वाटी पुढे करतात. मूल आईकडे पाहते. आई चारचौघांत संकोचते. मग एक तर मूल ते खाते आणि आजारी पडते, नाहीतर सगळे गोड खात असताना ते कोरडी पोळी चघळत बसते. सणानंतरच्या दोन-तीन दिवसांत शाळेत पोटदुखीच्या चिठ्ठ्या का वाढतात, याचा पालकांनी थोडा विचार करावा. ज्या पंगतीत गुळवणीचे पातेले फिरत होते, त्या पंगतीत या मुलाला वेगळे काढावेच लागत नव्हते. तेच कालवण सगळ्यांना. तूप ज्याला हवे त्याने वरून घ्यावे. ज्या घरात दुधाची ॲलर्जी असलेले मूल आहे, तिथे पोळीही तेलावर भाजावी. कारण तुपातही दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो.

यावर आजचा सुशिक्षित पालक म्हणतो, 'आता बाजारात सगळे मिळते. नागपूरला जाऊन डेअरी-फ्री सॉसची बाटली आणली की झाले.' जरूर आणावी; पण आणण्यापूर्वी वाचावी. वेष्टनावरचा हिरवा ठिपका एवढेच सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे, आणि आपल्या कायद्यात दूध शाकाहारीच आहे. कॅरॅमलच्या नेहमीच्या सॉसमध्ये लोणी आणि मलई असते, ठिपका मात्र हिरवाच. दूध असल्यास तसे वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. पण ते अक्षर इतके बारीक असते की मला चष्मा लावूनही दिव्याखाली जावे लागते. दूध आणि इतर कोणताही प्राणिजन्य घटक नसलेल्या अन्नासाठी २०२२ साली वेगळे नियम झाले आणि वेगळे चिन्हही आले. तेव्हा ठिपक्यावर न विसंबता घटकांची यादी पाहावी. हे सगळे सोपस्कार करून, शेवटी त्या बाटलीत मिळते काय? बहुतेक वेळा साखर, पाणी, दाटपणासाठी पिठूळ पदार्थ आणि कृत्रिम वास. म्हणजे गुळवणीच; फक्त गूळ काढून घेतलेले!

दुसऱ्या टोकाला काही मंडळी आहेत, त्यांना 'व्हेगन' या शब्दाचेच वावडे. 'ही परदेशी थेरं आहेत,' असे ते म्हणतात. शब्द परदेशी आहे हे खरे; १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो प्रचारात आणला. पण बिनदुधाचे गोड कालवण परदेशातून आलेले नाही. कोकणात तांदळाच्या शिरवाळ्यांवर नारळाच्या दुधात गूळ कालवून केलेला रस वाढतात. आपल्याकडे सरगुंड्यांवर आंब्याचा रस. कोल्हापूरकडे उसाचा रस गूळ होण्याआधीच काहिलीतून काढून घेतात, ती काकवी. भाकरीवर काकवी ओतली की आणखी काही लागत नाही. उत्तरेत तिचीच बहीण राब. यांतल्या एकाही पदार्थाने दुधाची बरोबरी करण्यासाठी जन्म घेतला नाही. ज्या मातीत जे पिकले त्याचे गोड झाले. तेव्हा जे बिनदुधाच्या खाण्याला थेरं म्हणतात आणि जे ते नवीन शोध म्हणून महागड्या बाटलीत विकतात, ते दोघेही आपल्या आजीचे स्वयंपाकघर न पाहिलेले आहेत.

आता टीका पुष्कळ झाली. कृती सांगितल्याशिवाय ती वांझोटी ठरेल. चार-पाच माणसांना पुरेल असे माप देतो.

एक वाटी चिरलेला गूळ घ्यावा. पिवळाधमक, चकचकीत गूळ टाळावा. रंग उजळवण्यासाठी त्यात रसायन घातलेले असण्याचा संभव असतो. तांबूस-काळसर गूळ दिसायला साधा पण चवीला खोल. दोन वाट्या पाण्यात तो अर्धा तास भिजत ठेवावा, विस्तवावर न ठेवता विरघळू द्यावा आणि पातळ फडक्यातून गाळून घ्यावा. गाळणे ही पायरी कधीही वगळू नये. चिपाडाचे तूस आणि खडे दाताखाली आले की सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. मग मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटे उकळावे, वर मळीचा फेस येईल तो काढून टाकावा. पाव वाटी गार पाण्यात एक सपाट चमचा तांदळाचे पीठ गुठळी न ठेवता कालवावे आणि ढवळत ढवळत सोडावे. आणखी दोन-तीन मिनिटांत ते चमच्याच्या पाठीला पातळ थर धरते. तेवढ्यावर उतरवावे. पातळ वाटले तरी आटवत बसू नये. निवले की आपोआप दाटते. चिमूटभर मीठ, पाव चमचा सुंठ आणि वेलदोड्याची पूड उतरवल्यावर घालावी, नाहीतर वास उडून जातो. जायफळ आवडत असेल तर दोनदा किसणीवर फिरवावे, तिसऱ्यांदा नाही.

काही घरांत गुळवणीत दूध घालण्याची रीत आहे. ती घरे मी मोडीत काढत नाही. पण ज्यांनी ते केले आहे त्यांना ठाऊक असेल की, गुळाच्या उकळत्या पाण्यात दूध ओतले की ते फाटते; गुळातला आंबटपणा आणि क्षार दुधाला सोसत नाहीत. मग निववा, थेंब थेंब घाला, पुन्हा तापवू नका अशी कसरत करावी लागते. दूध घातलेच नाही तर ही कटकटही नाही.

पांढरट, दाटसर, मुलांना आवडेल असे हवे असेल तर शेंगदाण्याचे दूध घालावे. अर्धी वाटी शेंगदाणे हलके भाजून, साले काढून, तीन-चार तास भिजत घालावेत. एक वाटी पाण्याबरोबर गंधासारखे वाटून फडक्यातून पिळून घ्यावेत. वरच्या गुळवणीत पाणी एक वाटीच ठेवावे, ते कोमट झाले की हे दूध मिसळावे आणि मंद आचेवर नुसते गरम करावे. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याने अर्थातच या वाटेला जाऊ नये.

आणि तिसरा प्रकार खास आपल्या भागाचा. पांढुर्णा-सौंसर हा संत्र्याचा मुलूख. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची फळे उतरू लागतात. एक वाटी गूळ आणि एक वाटी पाणी वरीलप्रमाणे गाळून, जरा दाट होईपर्यंत उकळावे, तार येऊ देऊ नये. खाली उतरवून कोमट होऊ द्यावे आणि मग त्यात एक वाटी संत्र्याचा रस घालावा. रस हाताने हलकेच पिळलेला असावा, बी चिरडलेली नसावी. आणि रस घातल्यावर पुन्हा विस्तवावर ठेवू नये. आपल्या संत्र्याच्या रसाचा एक स्वभाव आहे : ताजा असताना तो गोड असतो, पण तापवला किंवा ठेवून दिला की त्यात लिमोनिन नावाचे कडू द्रव्य तयार होते. ज्यांनी हौसेने रस उकळला आणि कडू झाला म्हणून फळाला नावे ठेवली, त्यांनी एकदा या रीतीने करून पाहावे. मात्र हे त्याच दिवशी संपवावे.

एक इशारा. गूळ म्हणजे औषध नव्हे. साखरेपेक्षा त्यात थोडे क्षार जास्त असतील, पण मुख्यतः ती साखरच आहे. मधुमेही वाचकांनी 'सरांनी लिहिले आहे' म्हणून दुसरी वाटी मागू नये.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोठा मुद्दा. १९५६ पर्यंत नागपूर आणि छिंदवाडा एकाच प्रांतात होते. नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. रेघ कागदावर ओढली गेली; नाती, लग्ने, बाजार आणि रेल्वे मात्र नागपूरकडेच धावत राहिली. त्याच वर्षी राज्यघटनेत ३५० 'अ' हे कलम आले, आणि भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे अशी सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली गेली. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले, भाषणे केली. मीही केले एक.

पण मला सांगा, शाळेतले मराठी राखण्यासाठी निदान घटनेत कलम आहे. घरातले मराठी कोणते कलम राखणार? स्वयंपाकघरात शासन येत नाही, आणि येऊही नये. तिथे राज्य आपले आहे. तिथे जर आपणच 'चाशनी' म्हणालो, 'बेटा, थोडी चाशनी घे' म्हणालो, तर ते हिंदीने केलेले आक्रमण नव्हे. तो आपला आळस आहे. हिंदीशी माझे भांडण नाही. माझे निम्मे शेजारी हिंदी बोलतात, माझी मुले हिंदीत शिकली, आणि चाशनी हा गुलाबजामासाठी उत्तम शब्द आहे. जिलबीला चाशनीच हवी. शेजाऱ्याचा शब्द शेजाऱ्याच्या पदार्थाला शोभतो. दोन भाषांच्या घरात दोन पदार्थांना दोन नावे असावीत. त्यात घर श्रीमंत होते. दोघांना एकच नाव दिले की एक पदार्थ मरतो आणि दुसऱ्याचाही काही फायदा होत नाही.

काहीजण म्हणतील, पदार्थ टिकला म्हणजे झाले, नाव कोणतेही असो. त्या नववीतल्या मुलीच्या डब्यातला गोळा त्यांनी आठवावा. काहीजण नेमके उलट म्हणतील : शब्द कोशात आहे, मग पदार्थ करायची काय गरज? त्यांना माझे उत्तर असे की, कोशातले गुळवणी पोळीवर ओतता येत नाही. वस्तू आणि नाव एकमेकांच्या आधाराने जगतात. आपल्या सीमेवरच्या घरांना ही गोष्ट कोणी नागपुराहून किंवा पुण्याहून येऊन शिकवायची नाही. दोन भाषांमध्ये जगणाऱ्यांना ती अधिक लवकर कळायला हवी.

म्हणून माझी मागणी लहान आहे आणि ती कोणत्याही कार्यालयाकडे नाही. या दिवाळीत एक दिवस, आणि पुढच्या पोळ्याला तर नक्कीच, घरात गुळवणी करा. बासुंदी करायची असेल तर तीही करा. पण गुळवणीचे पातेले झाकून कोपऱ्यात ठेवू नका, पंगतीत आधी ते फिरवा. पाहुण्यांना 'हे आपलं साधंच' अशी क्षमा मागत वाढू नका. दूध न सोसणारे मूल पंगतीत असेल तर त्याला विचारण्याची वेळच येऊ देऊ नका. ढवळण्याचे काम घरातल्या मुलाला द्या. मुलीलाच नव्हे, मुलालाही. आणि त्याने विचारले, "आई, याला काय म्हणतात?" तर डाव हातात असतानाच नाव सांगा. त्याच्या वहीत मी ते नंतर शुद्ध लिहून घेईन.